कंसातली वचने आणि आजोबांचे बायबल

कोल्हापूरच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. ते थोडे संक्षिप्त करून देत आहे.

‘माझे वय २६ आहे. आमचे घराणे चार पिढ्यांपासून मिशनच्या मंडळीतले. आजोबा निवृत्त शिक्षक असून मंडळीत वडील या पदावर त्यांनी बरीच वर्षे सेवा केली आहे. मी रविवारी संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवते. गेल्या महिन्यात पुनरुत्थानाचा पाठ तयार करताना मार्कच्या शुभवर्तमानाची शेवटची बारा वचने कंसात छापलेली दिसली. खाली टीप होती की सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ती आढळत नाहीत. आजोबांना विचारले, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “शास्त्रातले एक अक्षर खोटे ठरले तर सगळेच खोटे ठरेल.” माझे लग्न वसईच्या एका कॅथलिक कुटुंबात ठरले आहे. त्यांच्या बायबलमध्ये ७३ पुस्तके आहेत, आमच्यात ६६. होणारे यजमान म्हणतात, बायबल चर्चने दिले, म्हणून त्याचा अर्थही चर्चच सांगणार. ज्यावर माझाच विश्वास डळमळला आहे ते मी मुलांना शिकवणे ही लबाडी आहे का? लग्नानंतर घरात कोणते बायबल ठेवावे? आजोबा लग्नात घराण्याचे जुने बायबल मला देणार आहेत. ते हातात घेण्याची माझी योग्यता उरली आहे का?’

प्रिय भगिनी,

सप्रेम नमस्कार. तुमचे प्रश्न तीन असले तरी ते सगळे आजोबांच्या त्या एका वाक्याला टांगलेले आहेत, म्हणून आधी त्या वाक्याविषयी लिहितो. ज्या माणसाने आयुष्यभर पहाटे उठून पवित्र शास्त्र वाचले, घरातल्या मृत्यूंच्या वेळी त्याच पानांचा आधार घेतला, त्याच्या तोंडी असे वाक्य येते ते प्रेमापोटी येते, हे मला ठाऊक आहे आणि त्या प्रेमाचा मी आदर करतो. तरीही तुम्हाला स्पष्ट सांगितले पाहिजे की ‘एक अक्षर गेले तर सगळे गेले’ ही अट शास्त्राने स्वतःवर घातलेली नाही. ती आपण भीतीने घातली आहे.

शास्त्र स्वतःविषयी काय सांगते ते पाहा. ज्या वचनाचा सर्वांत जास्त आधार घेतला जातो ते तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातले सोळावे वचन. त्यातील ‘परमेश्वरप्रेरित’ या शब्दामागे जो ग्रीक शब्द आहे त्याचा अर्थ ‘देवाच्या श्वासाने भरलेला’ असा होतो. मूळ वाक्यात त्या ठिकाणी क्रियापदच नाही, त्यामुळे ‘प्रत्येक शास्त्रलेख परमेश्वरप्रेरित असून उपयोगी आहे’ असेही त्याचे भाषांतर होते आणि ‘प्रत्येक परमेश्वरप्रेरित शास्त्रलेख उपयोगी आहे’ असेही होते, आणि दोन्ही भाषांतरे जाणकारांनी केलेली आहेत. वाक्य कसेही वाचले तरी पुढचा भाग बदलत नाही, आणि माझ्या मते खरा भार तिथे आहे. शास्त्र शिकवण्यासाठी, चूक दाखवण्यासाठी, माणूस सुधारण्यासाठी आणि नीतिमत्त्वात वाढवण्यासाठी उपयोगी आहे, म्हणजे देवाचा माणूस चांगल्या कामासाठी सज्ज व्हावा. शास्त्र ज्या कामासाठी दिले आहे ते काम इथे नेमके सांगितले आहे. अक्षरांच्या मोजणीचा इथे उल्लेख नाही.

यावर आजोबा कदाचित मत्तयाच्या पाचव्या अध्यायाची आठवण करून देतील, कारण नियमशास्त्रातला काना किंवा बिंदूही नाहीसा होणार नाही असे प्रभू येशूनेच तिथे म्हटले आहे. ते खरे आहे. पण त्याच अध्यायात, त्या वचनानंतर लगेच, ‘तुम्ही ऐकले आहे, पण मी तुम्हांला सांगतो’ अशा धर्तीने तो सहा वेळा बोलतो, आणि खून, व्यभिचार, शपथ, सूड यांविषयीच्या जुन्या वचनांना अक्षरांच्या पलीकडे, माणसाच्या मनापर्यंत घेऊन जातो. ज्याने काना-मात्रेची ग्वाही दिली त्यानेच अक्षर कसे वाचायचे हेही दाखवून दिले. हे दोन्ही एकत्र धरल्याशिवाय ते वचन पूर्ण वाचले असे होत नाही.

आता माणसाच्या हाताविषयी. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच सांगतो की इतरांनी आधी वृत्तान्त लिहिले आहेत आणि मीही सर्व गोष्टींचा मुळापासून शोध घेऊन ते अनुक्रमाने लिहीत आहे. देवदूताने कानात मजकूर सांगितला असे तो म्हणत नाही. तो चौकशी केल्याचे सांगतो. पौलाचे उदाहरण तर मला फार प्रिय आहे. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात तो म्हणतो की क्रिस्प आणि गायस यांच्याखेरीज तुमच्यापैकी कोणाचा मी बाप्तिस्मा केला नाही. मग त्याला आठवते की स्तेफनाच्या घरच्यांचाही केला होता. आणि त्यानंतर तो लिहून टाकतो की आणखी कोणाचा केला असल्यास मला आठवत नाही. हे विस्मरण, ही वाक्यातच केलेली दुरुस्ती, पवित्र शास्त्रात आहे, आणि एकोणीस शतके मंडळीने ती आदराने वाचली आहे. त्याच पौलाच्या नावाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्रोवस येथे कार्पाजवळ राहिलेला झगा आणि पुस्तके घेऊन ये असा निरोप आहे. देवाला माणसाचे विस्मरण आणि थंडीतला झगा अडचणीचा वाटला नाही, तर आपण तो का लपवावा?

आपण महाराष्ट्रातले ख्रिस्ती लोक इथे नकळत एक गफलत करतो. वेद अपौरुषेय आहेत, म्हणजे त्यांना कोणी मानवी कर्ता नाही, ही कल्पना आपल्या आजूबाजूच्या भाषेत इतकी मुरलेली आहे की ‘धर्मग्रंथ’ म्हटले की तो तसाच असणार असे आपण गृहीत धरतो, आणि बायबललाही तेच माप लावतो. ख्रिस्ती श्रद्धेचा मुख्य प्रवाह मात्र वेगळे सांगत आला आहे. पेत्राचे दुसरे पत्र म्हणते की पवित्र आत्म्याने प्रेरित होऊन माणसे देवाकडून बोलली. या वाक्यात बोलणारी माणसे आहेत आणि बोलणे देवाकडून आहे, दोन्ही एकाच वेळी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी दैवी प्रकटीकरणाविषयी जो दस्तऐवज प्रसिद्ध केला त्यात यासाठी एक सुंदर तुलना आहे. देवाचा सनातन शब्द जसा मानवी देहाचे दुबळेपण घेऊन माणसांसारखा झाला, तशीच देवाची वचने मानवी भाषेत आल्यावर मानवी बोलण्यासारखी झाली. हा दस्तऐवज तुमच्या होणाऱ्या यजमानांच्या परंपरेतला आहे, पण ही तुलना आजोबांनाही पटेल असे मला वाटते, कारण तिचे मूळ योहानाच्या पहिल्या अध्यायात आहे, आणि त्या अध्यायात ‘शब्द’ हे पुस्तकाचे नाव नसून ख्रिस्ताचे नाव आहे.

तुमच्या कंसातल्या वचनांकडे वळतो. मार्कच्या १६ व्या अध्यायातील ९ ते २० ही वचने व्हॅटिकन हस्तलिखित आणि सिनाय हस्तलिखित या चौथ्या शतकातील दोन अत्यंत महत्त्वाच्या प्रतींत नाहीत. तिथे मार्कचे शुभवर्तमान आठव्या वचनाशी थांबते, जिथे स्त्रिया भयाने थरथरत कबरेपासून पळून जातात. पुढचा मजकूर नंतर जोडला गेला असावा असे आज बहुतेक अभ्यासक मानतात, आणि मलाही ते मत योग्य वाटते. यामुळे पुनरुत्थान गेले का? नाही. ‘तो उठला आहे’ हे शब्द सहाव्या वचनात आहेत, म्हणजे कंसाच्या आधी. शिवाय पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या त्याच पत्राच्या १५ व्या अध्यायात पुनरुत्थित ख्रिस्त कोणाकोणाला दिसला याची यादी आहे. ते पत्र साधारण इ. स. ५५ च्या सुमाराचे, म्हणजे चारही शुभवर्तमानांच्या आधीचे मानले जाते, आणि त्यात पौल म्हणतो की हे मलाही इतरांकडून मिळालेले आहे. मुलांना पुनरुत्थानाचा पाठ शिकवताना तुमचा पाय ज्या जमिनीवर आहे ती ही जमीन आहे.

योहानाच्या आठव्या अध्यायातील, व्यभिचाराच्या आरोपाखाली आणलेल्या स्त्रीची कथाही सर्वांत जुन्या प्रतींत नाही. ती योहानाने लिहिली नसावी असे बहुतेकांचे मत आहे, तरी मंडळीने ती सोडली नाही, आणि मी स्वतः ती शास्त्र म्हणूनच वाचतो. याउलट योहानाच्या पहिल्या पत्रातील पाचव्या अध्यायात पिता, शब्द आणि पवित्र आत्मा हे तिघे एक असल्याचे जे वाक्य जुन्या छपाईत सापडते, ते एरास्मस या विद्वानाने १५१६ च्या आपल्या पहिल्या ग्रीक आवृत्तीत घेतले नव्हते आणि वाद झाल्यावर १५२२ मध्ये घातले. ते वाक्य नव्या आवृत्त्यांनी मजकुरातून काढले हे योग्यच झाले. ज्या माणसांनी हे शोधून काढले त्यांतील अनेक जण श्रद्धावान होते, आणि मूळ वचन काय होते हे कळावे या तळमळीनेच त्यांनी शेकडो प्रती ताडून पाहिल्या.

आपल्या भाषेत तर ही गोष्ट परकी वाटायला नको. संत एकनाथांनी शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले पाठभेद तपासून ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली. त्यामुळे कोणा वारकऱ्याची ज्ञानेश्वरीवरची श्रद्धा कमी झाली असे मी कधी ऐकले नाही. ज्याला ग्रंथ प्रिय असतो तोच पाठ शुद्ध करायला बसतो. तुमच्या बायबलमधला कंस त्याच जातीचा आहे. ज्यांनी तो छापला त्यांनी तुमच्यापासून काही लपवले नाही.

अक्षर न अक्षर प्रमाण मानणाऱ्यांची बाजूही नीट समजून घ्यावी, कारण ती अनेकदा विपर्यास करून मांडली जाते. १९७८ मध्ये शिकागो येथे जमलेल्या इव्हँजेलिकल पुढाऱ्यांनी बायबलच्या अचूकतेविषयी जे निवेदन काढले ते या बाजूचे सर्वांत काटेकोर निवेदन आहे. त्यातसुद्धा प्रेरणा ही काटेकोर अर्थाने मूळ लेखनाला लागू होते असे म्हटले आहे, आणि ठोकळ आकडे, व्याकरणातील अनियमितता किंवा समांतर वृत्तान्तांतील निवडीचा फरक यांना चूक म्हणू नये असेही म्हटले आहे. यरीहोजवळ मत्तयाने दोन आंधळे सांगितले आणि मार्कने एकट्या बार्तीमयाचे नाव घेतले, तर या निवेदनानुसारही शास्त्र कोसळत नाही. म्हणजे जे अचूकतेचा शब्द सर्वांत घट्ट धरतात त्यांनीही आजोबांची अट जशीच्या तशी घातलेली नाही.

मी स्वतः तो शब्द वापरत नाही. दावीदाने देवघरातील पवित्र भाकरी खाल्ल्या तो प्रसंग सांगताना मार्कच्या दुसऱ्या अध्यायात ‘अब्याथार मुख्य याजक असताना’ असे म्हटले आहे, आणि शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात त्या प्रसंगी याजक अहीमलेख आहे. या दोहोंची सांगड घालण्याच्या युक्त्या मी वाचल्या आहेत आणि त्या मला पटल्या नाहीत. नावात गोंधळ झाला असेल असे मी मानतो, आणि शब्बाथ माणसासाठी झाला हे त्याच उताऱ्यातले प्रभूचे बोलणे माझ्यावर पूर्वीइतकाच अधिकार गाजवते. व्हॅटिकन परिषदेच्या त्या दस्तऐवजात म्हटले आहे की आपल्या तारणासाठी देवाला जे सत्य लेखनात हवे होते ते शास्त्र खात्रीने, विश्वासूपणे आणि चुकीविना शिकवते. मी प्रॉटेस्टंट असूनही, ‘आपल्या तारणासाठी’ या शब्दांत नेमकी सीमा आखली गेली आहे असे मला वाटते.

आजोबांची परंपरा यापासून फार दूर नाही. १८५२ मध्ये अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांनी कोल्हापुरात जे मिशन सुरू केले ते पुढे प्रेस्बिटेरियन झाले, आणि प्रेस्बिटेरियन मंडळ्यांचा पायाभूत विश्वासनामा म्हणजे १६४६ चा वेस्टमिन्स्टर विश्वासनामा. त्याचा पहिला अध्याय शास्त्राविषयीच आहे. शास्त्राचा अधिकार कोणा माणसाच्या किंवा चर्चच्या साक्षीवर अवलंबून नसून देवावर आहे, असे तो ठामपणे सांगतो, आणि देवाने ते सर्व युगांत शुद्ध राखले असेही सांगतो. पण तोच अध्याय मान्य करतो की शास्त्रातील सगळ्या गोष्टी सारख्याच स्पष्ट नाहीत, आणि आपल्या खात्रीचे शेवटचे कारण म्हणून तो अंतःकरणात साक्ष देणाऱ्या पवित्र आत्म्याकडे बोट दाखवतो. अक्षरांच्या पुराव्यावर तो खात्री उभी करत नाही. आजोबांशी बोलताना हा अध्याय मराठीत करून त्यांच्यापुढे ठेवा. बाहेरच्या पंडितांपेक्षा आपल्याच घरचा आधार त्यांना जवळचा वाटेल.

६६ आणि ७३ चा प्रश्न भांडणाचा नसून इतिहासाचा आहे. तोबित, यहुदीथ, मक्कबींची दोन पुस्तके, शलमोनाचे ज्ञान, सिराख आणि बारूख ही सात पुस्तके जुन्या कराराच्या ग्रीक परंपरेत होती, आणि आरंभीच्या मंडळीच्या हातात मुख्यतः तोच ग्रीक जुना करार होता. यहुद्यांच्या हिब्रू ग्रंथसंग्रहात ती नव्हती. चौथ्या-पाचव्या शतकातील चर्चच्या दोन मोठ्या विद्वानांपैकी जेरोमला हिब्रू संग्रह अधिक प्रमाण वाटला आणि ऑगस्टीनला मोठा संग्रह, म्हणजे हा मतभेद प्रॉटेस्टंट चळवळीचा प्रवर्तक ल्यूथर याच्या कितीतरी आधीचा आहे. ल्यूथरने १५३४ च्या जर्मन बायबलमध्ये ती पुस्तके काढून टाकली नाहीत. शास्त्राच्या बरोबरीची नव्हेत, पण वाचायला उपयुक्त आणि चांगली, अशा शब्दांत त्याने ती दोन करारांच्या मध्ये ठेवली. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने १५४६ मध्ये ती प्रमाण म्हणून जाहीर केली, आणि वेस्टमिन्स्टरने त्यांना प्रमाण मानले नाही. ती छापील बायबलमधून सरसकट गळाली ते बरेच नंतर, १८२६ मध्ये लंडनच्या बायबल सोसायटीने ती पुस्तके असलेल्या बायबलला पैसे न देण्याचे ठरवल्यावर. मराठी घरांत बायबल पोहोचले ते मुख्यतः बायबल सोसायटीच्या छपाईतून, म्हणून तुमच्या पणजोबांच्या हाती ६६ पुस्तकांचे बायबल आले.

‘बायबल चर्चने दिले’ हे तुमच्या होणाऱ्या यजमानांचे वाक्य अर्धे खरे आहे. नव्या कराराच्या आजच्या २७ पुस्तकांची नेमकी यादी बिशप अथनासियसच्या इ. स. ३६७ च्या पत्रात प्रथम सापडते. तोपर्यंत मंडळ्या पुस्तके वाचत, पारखत होत्या, आणि काहींविषयी साशंकही होत्या. त्या पारखणीशिवाय तुमच्या हाती नवा करार आला नसता, हे आपण प्रॉटेस्टंट लोकांनी कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. पण सोने कसाला लावणारा सराफ सोने घडवत नाही, आणि हे त्यांच्याच चर्चने १९६५ मध्ये मान्य केले आहे की शिकवण्याचा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नाही, तो त्याची सेवा करतो. चर्चशिवाय एकट्याने शास्त्र वाचणे धोक्याचे असते हे त्यांनी तुम्हाला सांगावे, आणि शास्त्राने चर्चला सुधारावे लागते हे तुम्ही त्यांना सांगावे. दोघांची बाजू एकमेकांना लागते, असे माझे प्रामाणिक मत आहे.

शास्त्र कोणी ऐकावे आणि कोणाच्या कानावर पडू नये, यावरून कोल्हापुरात शतकापूर्वी वेदोक्त प्रकरण किती पेटले होते ते तुम्ही जाणता. त्या काळात ज्यांना कोणत्याच ग्रंथाला हात लावू दिला जात नव्हता त्यांच्या हातात मराठी शास्त्र आले, हे मला फार मोठे वाटते. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या स्त्रियांनीच त्याचे खिळे जुळवले, आणि ते १९२४ मध्ये, रमाबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झाले. एवढे कष्ट घेऊन तुमच्यापर्यंत आलेले पुस्तक प्रश्न विचारल्याने अपवित्र होत नाही.

संडे स्कूल सोडू नका. मुलांना कथा जशी आहे तशी सांगा, आणि जे तुम्ही स्वतः मानत नाही ते मानते असे सांगू नका. एवढे पाळले तर लबाडी होत नाही. मार्कचा शेवटचा अध्याय घ्याल तेव्हा मोठ्या मुलांना कंस दाखवायला हरकत नाही. छापखाना नव्हता, माणसे हाताने प्रती उतरवत, म्हणून जुन्या प्रतींत फरक आहेत आणि आपल्या बायबलने ते प्रामाणिकपणे दाखवले आहेत, असे सांगितले तर दहा वर्षांच्या मुलालाही कळते. एखाद्याने असे काही विचारले की उत्तर येत नाही, तर ‘पुढच्या रविवारी शोधून सांगते’ म्हणावे आणि खरोखर शोधावे.

घरात दोन्ही बायबले ठेवा. लग्नविधीच्या परवानग्यांविषयी तुमचे पाळक आणि त्यांचे धर्मगुरू सांगतीलच, त्यात मी पडत नाही. पण लग्नाआधी तुम्ही दोघांनी त्यांच्या बायबलमधले तोबिताचे पुस्तक सोबत वाचावे अशी माझी मनापासून शिफारस आहे. त्याच्या आठव्या अध्यायात तोबिया आणि सारा लग्नाच्या रात्री एकत्र प्रार्थना करतात, आणि त्या प्रार्थनेत आदाम व हव्वेची आठवण आहे, म्हणजे तुमच्या ६६ पुस्तकांच्या पहिल्याच पुस्तकाची. मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडलेल्या गुंडाळ्यांत या पुस्तकाचे अरामी आणि हिब्रू तुकडे मिळाले आहेत, हेही आजोबांच्या कानावर घाला. त्यांना इतिहासाची आवड असेल तर ते लगेच खुर्ची पुढे ओढतील.

आजोबांशी वाद घालू नका. एखाद्या संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा आणि करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा पहिला अध्याय त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगा. सोळाव्या वचनाशी, जिथे पौलाला आठवत नाही, तिथे त्यांना थांबू द्या आणि काय वाटते ते विचारा. त्यांनी हे वचन अनेकदा वाचले असेल, पण नातीने या प्रश्नासह कदाचित कधी वाचायला लावले नसेल. ते काय म्हणतील ते मला माहीत नाही. त्यांना रागवायचे असते तर त्या दिवशी ते गप्प बसले नसते, एवढे मात्र तुमच्या पत्रावरून मला दिसते.

आणि ते जुने बायबल नक्की घ्या. योग्यतेचा प्रश्न तिथे नाही. तुमच्या आजोबांनी ते विश्वास पूर्ण झाला म्हणून हाती घेतले नव्हते. अशा बायबलांच्या पहिल्या कोऱ्या पानांवर बहुतेक घराण्यांनी जन्म, बाप्तिस्मा आणि लग्ने यांच्या तारखा लिहून ठेवलेल्या असतात. तुमच्याकडच्या पानांवर तशा नोंदी असतील तर आजोबा आहेत तोवर त्यांच्याकडून एकेक नाव समजून घ्या, आणि तुमच्या लग्नाची तारीख त्यांच्याच हस्ताक्षरात लिहून घ्या.

तुमचा,
सदरलेखक